दोन स्पीकरच्या मधोमध

ही घडलेली गोष्ट आहे. संघपालच्या जबड्याचा एक्स-रे अजून त्याच्या घरी कपाटात आहे, बायकोच्या साड्यांच्या खाली. डावीकडे एक तडा. उजवीकडे दोन. ज्याला खोटं वाटतं त्यानं अंबरपेठला जावं आणि बघून यावं.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. चिंचेचं झाड नव्हतं.

रविवार होता. फेब्रुवारीचा तिसरा रविवार, दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, कुणाचातरी कुकर शिट्ट्या मारत होता.

पण आत त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं...

त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. आणि आतला बाहेर जात नाही.

संघपाल ते बघूनच तर भुलला होता.

संघपाल खिल्लारे. वय चौतीस. नोकरी सिकंदराबादला, एका मोठ्या इमारतीत लिफ्ट आणि एसीची देखभाल. बापाचं नाव निवृत्ती; तो नांदेडकडून रेल्वेत गँगमन म्हणून आला आणि रुळाच्या कडेलाच म्हातारा होऊन गेला. मागे राहिली आई. चतुराबाई.

चतुराबाईचा गळा कसा होता ते हैदराबादेतल्या आपल्या कुठल्याही वस्तीत विचारा. जयंती असो, लग्न असो, कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, चतुराबाईचं गाणं झाल्याशिवाय लोक जेवायला बसायचे नाहीत. लाईट गेली, माईक बंद पडला तरी तिचं अडायचं नाही. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं कानाला हात न लावता ऐकायची.

चाळीस वर्षं गायली. एक गाणं रेकॉर्ड नाही. एकसुद्धा नाही.

एकदा संघपाल तिला शहरातल्या एका चांगल्या स्टुडिओत घेऊन गेला होता. मालक आधी गोड बोलला. "अम्मा क्या गाते? भजन?"

"भीमाचं गाणं," चतुराबाई म्हणाली.

मालकानं वही उघडली. पानं उलटली. "इस महिने तो डेट खाली नहीं है."

"अगले महिने?" संघपालनं विचारलं.

"अगले महिने भी मुश्किल है भाई."

बाहेर रस्त्यावर येऊन चतुराबाई पोट धरून हसली. "त्याच्या तारखा भरल्यात, लेका. हजार वर्सांपासून भरल्यात."

संघपाल हसला नाही. त्या दिवशी त्यानं ठरवलं, स्टुडिओ आपलाच करायचा. पगारातून एकेक वस्तू घेतली. आधी माईक. मग दोन चांगले स्पीकर. मग कॉम्प्युटर, त्याला दोन स्क्रीन. शिकवणारं कुणी नव्हतं. रात्रपाळीत मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकला, चुकून शिकला, शॉक खाऊन शिकला.

सामान जमलं, जागा मिळत नव्हती. त्याचं घर भर रस्त्यावर. तिथं रेकॉर्ड केलं असतं तर आईच्या आवाजाआधी बसचा हॉर्न आला असता.

आणि जानेवारीत आईचा आवाज बसला.

सर्दी समजून आठ दिवस काढे पाजले. मग नळी घालून तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"जीव वाचेल. आवाज राहणार नाही."

ऑपरेशनची तारीख मिळाली बुधवारची. हातात सहा दिवस.

तीन दिवस तर जागा शोधण्यात गेले. शनिवारी मिळाली. अंबरपेठलाच, घरापासून तीन गल्ल्या सोडून. एका दुमजली घराच्या मागच्या अंगाची खोली. मालक एकनाथराव, जुन्या निजामी मुलखातले पाटील, राहायला काचीगुड्याला. पानानं लाल झालेलं तोंड, बोटात तीन अंगठ्या.

"हौ, घ्या की," एकनाथराव कुलूप उघडत म्हणाले. "पहिलेच्या किरायेदारानं सगळं करून ठेवलंय. आत ढोल पिटा नायतर बकरा कापा, बाहेर मुंगीला कळायचं नाही."

संघपालनं आत पाऊल टाकलं आणि त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

दाराला तीन थर. मधे नमद्याचं जाड लोकरी कापड. खिडकी आतून विटा लावून बुजवलेली. चारी भिंतींना प्लायवूड, त्याच्या मागे कापूस आणि जुनी ब्लँकेटं ठोकून भरलेली. छतालासुद्धा. असं काम करायला त्याला दोन महिने लागले असते.

फरशीवर चार भोकं होती. बोल्टची. कुणीतरी तिथं खुर्ची पक्की बसवलेली असावी. संघपालनं टेप काढून मोजलं. खोलीच्या लांबीच्या बरोबर अडतीस टक्क्यांवर. ऐकणाऱ्यानं जिथं बसायला पाहिजे, अगदी तिथंच.

आणि खुर्चीच्या समोर, डावीकडे आणि उजवीकडे, दोन ठिकाणी फरशीची चकाकी गेली होती. तिथं काहीतरी जड बरेच दिवस उभं असल्यासारखी.

"निशी!" तो बायकोला म्हणाला. निशिगंधा सोबत आली होती. "अगं आपल्याआधी इथं कुणीतरी पक्का जाणकार बसत होता! बघ, स्पीकरची जागासुद्धा काढून ठेवलीय!"

आपलं हे असं असतं. कुणी हात धरून शिकवलेलं नसतं. मग कुठं दुसऱ्याच्या खुणा दिसल्या की आपण त्या माणसाला न बघताच गुरू करून टाकतो. संघपालनं त्याच खुणांवर आपले स्पीकर उभे केले. खुर्ची त्याच चार भोकांवर ठेवली.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, तिघं एकमेकांपासून सारख्या अंतरावर आले की एक प्रकार होतो. दोन्हीकडून सारखाच आलेला आवाज दोन्हीकडून येत नाही. तो मधून येतो. जिथं स्पीकर नाही, काहीच नाही, नुसती हवा आहे, तिथं माणूस उभा राहून गातोय असं वाटतं. यात भूत नाही. कुठल्याही स्टुडिओत होतं. त्यासाठीच तर सुतळी लावून अंतरं मोजतात.

रविवारी सकाळी संघपाल सुतळी लावून अंतरं मोजत होता. टेबलावर दोन स्क्रीन. त्या मधे येऊ नयेत म्हणून त्यानं त्यांच्यात वीतभर फट ठेवली. त्या फटीतून मागची भिंत दिसत होती. स्पीकर कानाच्या उंचीला आणले. दोन्हींची तोंडं खुर्चीकडे वळवली.

"आता टाळी वाजव," तो निशिगंधाला म्हणाला. "आवाज घुमतो का बघू."

तिनं खोलीच्या मधे उभं राहून टाळी वाजवली. आवाज जागच्या जागी मेला.

"मस्त! अजून एकदा."

तिनं वाजवली. पुन्हा तसंच. कापसात दगड पडल्यासारखं.

"अहो, पुरे का? आईंची भाकरी टाकायचीय मला."

"एकदाच. शेवटची."

तिनं हात वर केले. अजून ते एकमेकांवर आले नव्हते आणि...

फट्!

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिचे हात अजून एकमेकांपासून लांबच होते.

तो टाळीचा आवाज नव्हता. ज्यानं लहानपणी मार खाल्लाय त्याला तो कळतो. तो गालावर बसलेल्या पंजाचा आवाज होता.

"प्लायवूड तडकलं असेल," संघपाल म्हणाला. "बंद खोली होती ना."

"हौ," ती म्हणाली. पण दोन पावलं मागं सरकली.

मग आरशाचं काम. तेही प्रत्येक स्टुडिओत करतात. एकजण खुर्चीत बसतो. दुसरा भिंतीला आरसा लावून हळूहळू पुढं सरकवतो. खुर्चीतल्या माणसाला आरशात जिथं स्पीकर दिसेल, तिथून आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. तिथं खूण करायची आणि गादी ठोकायची. साधं काम.

निशिगंधानं घरातला आरसा आणला होता. डाव्या भिंतीला लावला. संघपाल खुर्चीत बसला.

"सरकव... अजून... अजून थोडा..."

आरशात प्लायवूड. टेबलाची कड. वायर.

"थांब!"

जिथं स्पीकर दिसायला पाहिजे होता, तिथं...

पोट दिसलं. माणसाचं. घामानं चिकटलेला निळा शर्ट, दोन बटणं उघडी. बाजूला लोंबणारा हात, त्याच्या मुठीला ओला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेलातून थेंब गळत होते.

पाणी नव्हतं ते.

संघपालनं मान वळवून प्रत्यक्ष बघितलं. स्पीकर. काळा, चौकोनी, आपल्या स्टँडवर.

पुन्हा आरशात. स्पीकर.

"दिसला का?" निशिगंधानं विचारलं.

"दिसला," तो म्हणाला. "खडूनं खूण कर."

उजव्या भिंतीला त्यानं आरसा लावूच दिला नाही. म्हणाला, दोन्हीकडे अंतर सारखंच आहे, मोजून करू. बायकोला सांगितलं नाही. सांगून काय करणार होता? दुसरी खोली नव्हती. बुधवार थांबणार नव्हता. दोन रात्री झोप नव्हती, डोळे काहीही दाखवतात, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि गादीला खिळे मारायला घेतले.

दोन वाजता चतुराबाई आली. ऑटोतून उतरली, लेकाच्या खांद्यावर हात टाकून आत आली. पांढरी साडी, निळे काठ. गळ्याला मफलर. आवाज फाटला होता, पण तोंड तसंच तिखट होतं.

"बया बया! ही खोली हाय का पेव? आत टाकून झाकण लावतोस का काय मला?"

"माय, बोलू नको जास्त. गाण्यासाठी ठेव."

"बोलल्यावानी बोलले न्हाई तर गाण्यावानी गाईन कशी?"

माईक मागच्या भिंतीशी लावला होता, खुर्चीपासून लांब. निशिगंधा हेडफोन घालायला गेली. चतुराबाईनं हात झटकला. "बैलाला झापडं बांधत्यात तसं कानाला काहून बांधता? न्हाई लागत मला."

संघपाल स्क्रीनपाशी उभा होता. खुर्चीत बसला नव्हता. त्यानं बटण दाबलं, बोट वर केलं.

ती गायली.

दगड फोडीत आला बाप, हात त्याचे लाल गं
त्यानं दिली पाटी मला, मी दिली चाल गं...

पहिली ओळ फाटली. दुसरीला ती खाकरली नाही, थांबली नाही. त्या फाटलेल्या आवाजालाच तिनं धार लावली. चार मिनिटं अकरा सेकंद. निशिगंधा तोंडात पदर घालून उभी होती.

गाणं संपलं. चतुराबाई भिंतीला टेकून खाली बसली. "झालं. आता बुधवारी काय कापायचं ते कापू दे. आधी ऐकव मला."

"आधी मी बघतो, माय. नीट आलंय का."

संघपाल खुर्चीत बसला. सुतळीनं मोजलेल्या, चार भोकांवर ठेवलेल्या खुर्चीत.

आणि चालू केलं.

दोन स्क्रीनच्या मधल्या फटीत त्याची आई उभी राहिली. म्हणजे आवाज. पण असा की हात पुढं केला तर तिच्या पदराला लागेल. एकेक श्वास. ओठांची उघडझाप. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चाळीस वर्षं कुठल्याच मालकाच्या वहीत न मावलेला आवाज त्याच्या खोलीत, त्यानं मांडलेल्या स्पीकरमधून येत होता.

शेवटची ओळ संपली. स्क्रीनवरचे हिरवे पट्टे खाली गेले. शून्य.

पण मधून आवाज येतच राहिला...

श्वास. जाड, नाकातून घेतलेला. पुरुषाचा.

पट्टे हलत नव्हते. कॉम्प्युटरच्या हिशेबानं खोलीत काहीच वाजत नव्हतं.

मग त्या फटीतून कुणीतरी शांतपणे विचारलं...

"अम्मायी एक्कड?"

तेलुगू. पोरगी कुठंय?

संघपाल उठायला गेला. हात पुढं येईनात. मागं खेचलेले होते, मनगटाला मनगट लावून, घट्ट. दोर दिसत नव्हता. मनगटात रुतत मात्र होता.

डावीकडून पहिला बसला.

कानावर. त्याचं डोकं उजवीकडे फेकलं गेलं आणि कानात काहीतरी फाटलं, नवं कापड टरकावं तसं. गरम धार मानेवर आली. तो सावरायच्या आत उजवीकडून. जबड्यावर. दात तुटून जिभेवर आला, त्याला तो खड्यासारखा लागला.

"अम्मायी एक्कड?"

निशिगंधाला काय दिसलं ते तिनं नंतर सांगितलं. खोलीत कुणी नव्हतं. तिचा नवरा खुर्चीत बसला होता आणि त्याचं डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे आपटत होतं. नाक तिच्या डोळ्यांदेखत वाकडं झालं. गाल आत दबायचा, मुठीएवढा, आणि मग रक्त यायचं. स्क्रीनवर शिंतोडे उडाले. आणि दर दोन फटक्यांनंतर तो थांबायचा, फटीकडे बघायचा, तोंडातलं रक्त थुंकून म्हणायचा, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कोण पोरगी?"

मग पुन्हा.

तिनं किंचाळत दार ढकलून उघडलं, मेन स्विच पाडला. स्क्रीन विझल्या. कॉम्प्युटर विझला. स्पीकरचे छोटे दिवे विझले. दारातून येणारा उजेड तेवढा उरला.

मार चालूच राहिला.

तिनं खुर्ची धरून ओढली. खाली चाकं होती त्या खुर्चीला. तसूभर हलली नाही. फरशीत बोल्ट मारल्यासारखी. ती दारात जाऊन ओरडली. गल्लीतली पोरं वीस पावलांवर खेळत होती. घर आडवं होतं मधे. एकाचंही डोकं वळलं नाही.

खुर्चीतून आता शब्द येत नव्हते. बुडबुडे येत होते.

तेव्हा चतुराबाई उठली.

तिला स्टुडिओ कळत नव्हता. तिला एवढंच कळलं की मारणारे दोघं आहेत, आणि ते कुठं उभे आहेत. जिनं वस्तीतली भांडणं सोडवलीत तिला हे कळायला आरसा लागत नाही. ती सरळ डाव्या स्पीकरपाशी गेली आणि दोन्ही हातांनी तो ढकलला. स्टँडसकट आडवा.

डावीकडचा मार बंद झाला.

उजवीकडचा थांबला नाही. तिकडं जायला टेबलामागून वाट होती. दोन स्क्रीनच्या मागून. फटीच्या समोरून.

ती मधोमध आली आणि...

थांबली.

तिची मान मागं गेली. टाचा उचलल्या. मफलर आपोआप आत आवळला गेला, त्यावर पाच खळगे पडले. बोटांचे. निशिगंधानं मोजले. चार एका बाजूला, एक दुसऱ्या.

"अम्मायी एक्कड?"

चतुराबाईला तेलुगू येत होतं. चाळीस वर्षं या शहरात भाजी घेतली होती तिनं. तिनं समोरच्या हवेकडे बघितलं आणि मराठीत, तिच्या अख्ख्या गळ्यानिशी, शेवटचं बोलली.

"गेली ती! सुटली! न्हाई घावायची तुमच्या बापालाबी!"

काहीतरी कडकन मोडलं.

तिचा उजवा हात तेवढ्यात उजव्या स्पीकरच्या वायरीत अडकला होता. का तिनंच धरला होता, माहीत नाही. ती पडली ती स्पीकर घेऊन पडली.

खुर्ची चाकांवरून मागं घरंगळत गेली. संघपाल तोंडावर फरशीवर आपटला.

मग काहीच नाही. इतकं काहीच नाही की निशिगंधाला स्वतःच्या रक्ताची धडधड ऐकू येत होती.

हॉस्पिटलात विचारपूस झाली. जबडा तीन ठिकाणी मोडलेला, डावा कान कायमचा गेलेला, तीन दात नाहीत. म्हातारीच्या गळ्यावर बोटांचे वळ आणि आत हाड तुटलेलं. पोलीस जमादारानं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"घर का झगडा?"

"नाही," निशिगंधा म्हणाली.

"पी के था क्या?"

"माझा नवरा सुपारीसुद्धा खात नाही."

त्यानं लिहिलं, स्टुलावरून पडला. म्हातारीचं काय लिहिलं ते दाखवलं नाही. आपल्या माणसाला मार बसला की कागदावर तो नेहमी स्टुलावरूनच पडतो.

गाठीसाठी ठरलेलं ऑपरेशन त्याच रात्री करावं लागलं. चतुराबाई वाचली. गळ्याला भोक, त्यात नळी. बुधवारी जाणारा आवाज रविवारी गेला.

संघपालचा जबडा तारेनं बांधलेला होता, म्हणून एकनाथरावाकडे निशिगंधा गेली. काचीगुड्याला, त्यांच्या ओट्यावर.

"त्या खोलीत आधी कोण होतं?"

"दोघं भाऊ होते. आणि त्यांचा काका." एकनाथराव पानाला चुना लावत होते. "पिक्चरचं डबिंग करतो म्हणाले."

"डबिंगला खुर्ची फरशीत ठोकतात?"

"आता मला काय मालूम, बाई. मी किराया घेतो. आत डोकावत नाही."

"मग साफ कुणी केली खोली?"

एकनाथरावांनी चुन्याची डबी बंद केली, उघडली, बंद केली. "फिनेल टाकून धुवून घेतली मी. चार वेळा. रिकामी करताना ते चांगलं बोलून गेले. जाताना मिठाई दिली."

"कुणाला मारलं तिथं?"

"कुणी काही बोललं नाही. केस नाही, काही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक बाई यायची तेवढी. फोटो घेऊन. पोराचा. तुमच्यातलीच असेल... गल्लीत दारोदार विचारायची, माझं पोरगं इकडं आलं होतं का, कुणी काही ऐकलं का."

"मग?"

"मग काय. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं ना."

निशिगंधा उठली. म्हातारा माणूस होता, तरी ती त्याच्या ओट्यावर थुंकून आली. ते तिनं मला स्वतः सांगितलं आणि तिला त्याचा पस्तावा नाही.

आता गाण्याचं.

त्या झटापटीत कॉम्प्युटर फुटला होता, पण गाणं आत शाबूत निघालं. चार मिनिटं अकरा सेकंद. मागेपुढे काही नाही, स्वच्छ. मोबाईलवर ऐकलं तर फक्त चतुराबाई. निशिगंधानं एकदाच ते घरच्या टीव्हीला जोडून लावलं, दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर, आणि ती सोफ्याच्या मधे बसली. पहिल्या कडव्यातच तिच्या ओठातून रक्त आलं. तिनं उडी मारून वायर उपटली. तेव्हापासून घरात नियम आहे. एकच स्पीकर.

संघपालला स्वतःला धोका नसावा. एका कानाच्या माणसाला मधला आवाज बनत नाही.

एप्रिलमध्ये मंडळाचा बबलू घरी आला. मिरवणुकीचा ट्रक दरवर्षी तोच सजवतो. चतुराबाईच्या पाया पडला. "आजी, यंदा तुमचं गाणं लावायचं. अख्खी वस्ती मागतीय."

"नाही," संघपाल म्हणाला. तारा निघाल्या होत्या, पण बोलणं अजून एका बाजूनं यायचं.

चतुराबाईनं पाटी ओढली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली तिची मोठी मोठी अक्षरं. लावा.

"माय, तू बघितलंस ना काय झालं ते."

तिनं त्याच शब्दाखाली रेघ मारली. खडू तुटला.

शेवटी ठरलं. एकाच बाजूचे स्पीकर. बबलू हसला. "दादा, जयंती आहे, दुखवटा नाही. एका बाजूनं कुठं डीजे वाजतो?" पण संघपालचं तोंड बघून हो म्हणाला. मिरवणुकीत संघपाल स्वतः ट्रकवर उभा राहिला, दुसऱ्या बाजूची वायर काढून खिशात घेऊन. गाणं वाजलं. बायका नाचल्या, म्हातारे रडले. चतुराबाई दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आपल्या आवाजाकडे बघत होती. काही झालं नाही. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो फिरला. लाखो लोकांनी बघितला म्हणतात.

संघपालनं त्या रात्री आठ आठवड्यांनंतर पोटभर खाल्लं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. व्हिडिओखाली मंडळानं त्याचाच नंबर दिला होता. पलीकडे एक बाई. तरुण असावी. हिंदी बोलत होती, तेलुगू वळणाची.

"वो अम्मा का गाना... आपने रेकॉर्ड किया ना?"

"हौ, जी."

"बहुत अच्छा है." ती म्हणाली. "एक बात पूछनी थी. गाने के पीछे वो लडका जो रो रहा है... वो कौन है?"

संघपालनं फोन उजव्या कानाशी घट्ट दाबला.

"पीछे कोई नहीं है, बहन. अकेली अम्मा है."

"है," ती म्हणाली. "मैं रोज सुन रही हूँ. वो बोल रहा है, मेरे को नहीं मालूम, मेरे को नहीं मालूम. भैया, मैं वो आवाज पहचानती हूँ. सात साल हो गए. मेरे को किसी ने बताया नहीं उसका क्या हुआ. मैं कब से यहाँ अकेली... मैं आपको बताती हूँ मैं कहाँ से..."

संघपालनं फोन कापला.

नंबर पुसून टाकला. पण त्याचं डोकं आकड्यांचं आहे, लिफ्टच्या पाट्या वाचून तयार झालेलं. शेवटचे चार आकडे जात नाहीत डोक्यातून. तिला सांगायला पाहिजे होतं, पोरानं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. तिचा तेवढा हक्क होता. हे त्यालाही कळतं. पण आता तिचं नाव, तिचं गाव, काहीही त्याच्या कानावर पडलं, तर पुढच्या वेळी विचारणाऱ्याला "मला माहीत नाही" हे तो खरं सांगू शकणार नाही. आणि तो मार त्यानं खाल्लाय. आपण किती टिकू, ते त्याला माहीत आहे.

चतुराबाई समोर बसली होती. तिनं पाटीवर लिहून त्याच्यापुढं धरलं. कोण होतं?

"राँग नंबर, माय."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग पाटी पुसली.

फोन अजून येतो. कधी दुपारी, कधी सकाळी, तो कामावर असताना. नवे नवे नंबर असतात. तो उचलत नाही.

गेल्या सोमवारी मात्र तो अंघोळीला गेला होता आणि फोन चतुराबाईनं उचलला. तिला बोलता येत नाही. ती नुसती ऐकत बसली, पाच मिनिटं, दहा मिनिटं, डोळे मिटून. संघपाल बाहेर आला तेव्हा फोन ठेवलेला होता. आणि पाटीवर पत्त्यासारख्या दोन ओळी लिहिलेल्या होत्या, तिनं त्या तळहातानं झाकून धरलेल्या.

त्यानं बघायला मागितलं.

तिनं दुसऱ्या हाताचं बोट गळ्यातल्या नळीवर ठेवलं आणि मान हलवली. नाही.